न वाचता टाकून दिल्याची खोटी पोच मागे घेण्याबाबत

दिनांक : १२ मार्च २०१९

प्रति,
मा. श्री. सेलोर्म अग्बेन्यो,
प्रमुख, संगणक व ईमेल सेवा विभाग,
ओडुमाक्रोम शिक्षक महाविद्यालय,
ओडुमाक्रोम, घाना.

विषय : महाविद्यालयाच्या ईमेल सर्व्हरने अर्जदाराची 'होय' दारातच फेकून दिल्याबाबत, तिच्याऐवजी अर्जदाराने कधीही न दिलेली 'न वाचता टाकून दिले' अशी पोच परस्पर पाठवल्याबाबत, आणि त्यातून होऊ घातलेल्या वैवाहिक नुकसानीबाबत.

संदर्भ : १) श्रीमती अडवोआ फ्रेमा, निवृत्त मुख्य सुईण, बोसोमेफी, यांचे दि. ४ फेब्रुवारीचे ईमेल, ज्याला अर्जदाराने उत्तर दिलेले नाही.
२) आपल्या सर्व्हरने त्यांना दि. १ मार्च रोजी पाठवलेली पोच.
३) अर्जदाराला वडीलधाऱ्याच्या मानाने हाक मारून काढलेले आपले तोंडी उद्गार, "ओपानिन, जे काय असेल ते लेखी द्या."

महोदय,

सविनय सादर की, संदर्भ क्र. १ च्या पत्राला अर्जदाराने उत्तर दिले नाही, हे खरे आहे. आपणही पहिल्या भेटीत पहिल्यांदा तेच विचारलेत, म्हणून सुरुवात तिथूनच करणे भाग आहे. अर्जदार क्वाबेना डुमफुओर (वय एकाहत्तर) हा या महाविद्यालयाचा निवृत्त ग्रंथपाल असून निवृत्तांना मिळणाऱ्या सवलतीनुसार महाविद्यालयाचा ईमेल पत्ता आजही वापरतो. त्याने आयुष्यात कोणाविरुद्ध अर्ज केलेला नाही. हा अर्जही पुष्कळदा लिहून फाडला. यातले एखादे विधान चुकीचे ठरल्यास ते मागे घेण्याची त्याची तयारी आहे. विधान बरोबर असले आणि आपला आग्रह असला, तरीही विचार करता येईल.

१. श्रीमती फ्रेमा व अर्जदार यांची ओळख दोन वर्षांपूर्वी एका अंत्यविधीच्या मांडवात झाली. बाई विधवा, अर्जदार विधुर. मांडवात ढोल वाजत होते, जेवणाची ताटे फिरत होती आणि अर्जदार मृताच्या चरित्राची छापील पुस्तिका वाचत बसला होता. शेजारच्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या, "अहो, ही पुस्तिका सगळे घेतात ती वारा घालायला. वाचणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय." अर्जदाराने पुस्तिका मिटली. त्या म्हणाल्या, "मिटू नका. शेवटी काय होतं ते सांगा." अर्जदार म्हणाला, "शेवटी तो मरतो." यावर बाई इतक्या मोठ्याने हसल्या की मृताच्या घरच्यांनी वळून पाहिले. ओळख ती अशी. त्यानंतर बाई दर आठवड्याला ईमेल लिहीत आल्या आणि अर्जदार त्यांना बोसोमेफीला जाणाऱ्या ट्रोट्रो गाडीच्या चालकाबरोबर पुस्तके पाठवत आला.

२. दि. ४ फेब्रुवारीच्या पत्रातला आवश्यक तेवढा भाग असा : "ओपानिन, तुम्ही पाठवलेली पुस्तकं वाचून मला एवढंच कळतं, की दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते तुम्हाला आवडतं. तुमचं स्वतःचं काय ते कळत नाही. फोनवर तुम्ही फक्त 'ह्म्म' म्हणता. आयुष्यभर बायकांना 'जोर लाव' म्हणत आले, आता तुम्हाला म्हणते. प्रश्न तीनच आहेत. एक, तुमच्याकडचे लोक मागणीसाठी आमच्या घराचं दार ठोठावायला येणार आहेत की नाही? दोन, आले तर तुमच्या त्या पुस्तकांचं काय करायचं? माझ्या घरात मावणार नाहीत, मी भिंती मोजून बघितल्या. तीन, पामच्या सूपमध्ये तिखट किती चालतं? प्रसूतिगृहात बाळ ताब्यात दिल्यावर सही घेतल्याशिवाय मी खोली सोडत नसे. या पत्रावरही वाचल्याची पोच मागितली आहे. म्हणजे वाचलं नाही असं नंतर म्हणायला नको."

३. आता अर्जदाराच्या मूळ चुकीविषयी. (ती चूक आहे असे आपण म्हणालात, अर्जदाराला अजून पूर्ण खात्री नाही.) पत्र उघडताच कॉम्प्युटरवर एक चौकट आली. तिच्यात लिहिले होते, की पाठवणाऱ्याने वाचल्याची पोच मागितली आहे, पाठवायची का? खाली दोन बटणे : होय आणि नाही. महोदय, आपण व्होल्टा प्रांताकडचे, तरी आमच्याकडे दार ठोठावायला जातात तेव्हा काय होते हे आपण पाहिले असेलच. मुलाकडचे लोक बाटल्या घेऊन येतात. बाटली मुलीकडच्यांसमोर ठेवतात आणि मुलीला चारचौघांत विचारतात, "ही घ्यायची का?" ती 'होय' म्हणाली की घेतली. त्यापुढे भाषणे कितीही झाली तरी निकाल तिथेच लागलेला असतो. बाटली घेतली म्हणजे माणूस घेतला. समोरून कोणी काही पुढे करून 'घ्यायचे का' असे विचारले, की त्या 'होय'चा अर्थ काय, हे अर्जदार लहानपणापासून जाणतो. बाईंनी पत्र पुढे केले, चौकटीने विचारले. अर्जदाराच्या समजुतीप्रमाणे चौकट ही त्यांच्या बाजूची माणसे होती.

४. ते बटण दाबायला अर्जदाराने आठवड्याहून जास्त वेळ घेतला. मध्ये एक अशुभ दिवस आला, ज्या दिवशी कोणी शेतावरसुद्धा जात नाही, तो सोडला. एक दिवस वीज नव्हती. बाकीचे दिवस धीर नव्हता. शेवटी १२ फेब्रुवारीला सकाळी अर्जदाराने अंघोळ करून, समारंभाचे वस्त्र खांद्यावर घेऊन, भाची आफ्रिये हिला साक्षीला उभे करून 'होय' दाबले. आफ्रिये शिवणकाम करते, अर्जदाराच्या घरी राहते आणि वोफाचा, म्हणजे मामाचा, मान तिच्या पद्धतीने राखते. ती म्हणाली, "वोफा, माउसलाही एखादं वस्त्र नेसवू का? तोही पाहुण्यांत आहे." शिवाय मुलीला तीनदा विचारतात आणि ती तीनदा 'होय' म्हणते, म्हणून अर्जदाराला तीनदा दाबायचे होते, पण चौकट पहिल्याच 'होय'ला नाहीशी झाली. यंत्रांना सोहळा कळत नाही, असे तेव्हा वाटले. तरीही उत्तर गेले या समाधानात अर्जदार त्या दिवशी दोन वेळा जेवला.

५. पुढे बाईंकडून काहीच आले नाही. नेहमीचे आठवड्याचे पत्रही थांबले. अर्जदाराने प्रथम स्वतःवर शंका घेतली, कारण ती सवय आहे. 'होय' फार हलक्या हाताने दाबली गेली की काय? मग यंत्रावर शंका घेतली. घरच्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी मेलेली असल्यामुळे तो २००२ साल दाखवत होता. म्हणजे बाईंनी विचारण्याच्या सतरा वर्षे आधीच अर्जदाराने होकार दिला, असे दिसण्याची भीती होती. तारीख दुरुस्त केली. मग ईमेलच्या प्रोग्राममधली सेटिंग पाहिली. तिथे पोचेसाठी तीन पर्याय होते : नेहमी पाठवा, कधीच पाठवू नका, दर वेळी विचारा. शेवटचा निवडलेला होता, तो ठीक वाटला. मग अर्जदाराने स्वतःलाच पत्र पाठवले, त्यावर पोच मागितली, ते वाचले, 'होय' दाबले आणि वाट पाहिली. पोच आली नाही. आफ्रिये म्हणाली, "वोफा, तुम्ही स्वतःला पत्र लिहिलंत, स्वतःच वाचलंत, आणि वाचलंत का नाही याची तुम्हाला शंका आहे? डॉक्टरकडे जायचं का?" आपल्या विभागाकडे जायचे, असे तेव्हा ठरले. पण जाणे लांबले. अर्जदाराला कार्यालयांच्या दारात उभे राहिले की आपण चुकीच्या दारात आहोत असे वाटते, मग ते ग्रंथालय का असेना.

६. एवढ्यात दि. १ मार्च रोजी आपल्या विभागाने निवृत्तांच्या भरलेल्या ईमेल-पेट्यांची सफाई केली. दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीमती फ्रेमा यांचा फोन आला. संभाषण थोडक्यात झाले, म्हणून पूर्ण देतो.

"ओपानिन, मी फ्रेमा. पत्राला उत्तर दिलं नाहीत, हरकत नाही. म्हातारा माणूस, जड जातं. पण 'तुमचं पत्र न वाचताच टाकून दिलं' हे कळवायला यंत्र कशाला पाठवलंत? घरात माणूस नव्हतं?"

अर्जदार "ह्म्म" म्हणाला.

"ह्म्म काय? पोटातल्या बाळाच्या ठोक्यांवरून मी सांगत आलेय कसं आहे ते. पण तुमच्या ह्म्मचा मला दोन वर्षांत पत्ता लागला नाही."

अर्जदार म्हणाला, "मी होय दाबलं होतं."

"काय दाबलं होतं?"

"होय."

"कुठे?"

"चौकटीत."

पलीकडे बाईंनी आधी कोंबड्या हाकलल्या. मग बाई म्हणाल्या, "असं करा ओपानिन, त्या चौकटीशीच लग्न करा." आणि फोन ठेवला.

७. दि. ५ मार्च रोजी अर्जदार आपल्या विभागात आला. आपण खुर्ची दिलीत, पाणी दिलेत, याची नोंद कृतज्ञतापूर्वक घेतली आहे. आपण तपासणी करून जे सांगितलेत ते अर्जदाराला जसे कळले तसे लिहितो. चुकल्यास दुरुस्त करावे. आपण म्हणालात, "ओपानिन, पोच म्हणजे पत्र नव्हे. तिच्या पाकिटावर पाठवणाऱ्याची जागा मुद्दाम कोरी ठेवतात. नाहीतर पोचेची पोच, मग त्या पोचेची पोच, असे दोन सर्व्हर एकमेकांची विचारपूस करत जन्मभर बसतील." (आमच्या घराण्यात वडीलधारी माणसे असेच करतात आणि त्यात गैर काही मानत नाहीत. असो.) "गेल्या वर्षी आम्ही सर्व्हरच्या दारावर पहारा बसवला. जाहिरातवाले कोऱ्या पाकिटांतून फार कचरा पाठवायला लागले होते. आता कोरं पाकीट दिसलं की पहारा ते फेकून देतो. तुमची होय त्यात गेली. तुम्ही स्वतःला पाठवलेलीही त्यातच गेली."

अर्जदाराने विचारले, "म्हणजे माझी होय जाहिरात समजून फेकली?"

आपण म्हणालात, "समजून नाही हो. पहाऱ्याला समज नसते."

अर्जदाराने विचारले, की मग 'न वाचता टाकून दिले' ही पोच कशी बाहेर पडली? ती कोऱ्या पाकिटातून गेली नाही का? आपण म्हणालात, "गेली ना. पण ती सर्व्हरने स्वतः लिहिली. घरचाच माणूस बाहेर निघाला तर पहारेकरी त्याला अडवत नाही." आणि न वाचता टाकले म्हणजे काय? अर्जदाराने ते पत्र इतक्या वेळा वाचले आहे की तोंडपाठ आहे. आपण सांगितलेत, की अर्जदार वाचतो ती प्रत त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरलेली. मूळ प्रत सर्व्हरवर न उघडलेली पडून होती. सफाईत न उघडलेले सगळे काढले. बाईंनी पोच मागितली होती, म्हणून सर्व्हरने दिसले ते प्रामाणिकपणे कळवले.

थोडक्यात, अर्जदाराची खरी पोच खोटी ठरवून फेकली आणि सर्व्हरची खोटी पोच प्रामाणिक ठरून पोचली. अर्जदाराने आपणास विचारले, की यात दोष कोणाचा? आपण म्हणालात, "कोणाचाच नाही. सगळं नियमाप्रमाणे झालं." अर्जदाराने पस्तीस वर्षे सरकारी नोकरी केली आहे. हे वाक्य त्याने स्वतःही पुष्कळांना ऐकवले आहे. पण ते खुर्चीच्या या बाजूने ऐकताना कसे लागते हे त्याला पहिल्यांदाच कळले.

८. आपल्याकडून प्रकरण मिटले असेल, पण बोसोमेफीत मिटलेले नाही. आमच्या रीतीप्रमाणे एखाद्याने दुसऱ्याच्या घरच्या बाईचा असा अपमान केला, तर अपमान करणाऱ्याच्या मामाने बाटली आणि मेंढा घेऊन तिच्या घरी जायचे, चूक कबूल करायची आणि मन शांत करायचे. अर्जदाराने अपमान केलेला नाही. सर्व्हरने केला आहे. तेव्हा मेंढा सर्व्हरच्या मामाने न्यायला हवा. सर्व्हरला आई नाही, म्हणून मामा नाही, हे अर्जदारास मान्य आहे. पण त्याला कोणीतरी विकत आणले, भिंतीत बसवले, पंखा लावून थंड ठेवले आणि बाहेरच्या जगाशी बोलायला मोकळे सोडले. आमच्याकडे असे करणाऱ्याला मामाच म्हणतात. महोदय, ती व्यक्ती आपण आहात.

हे अर्जदाराने तोंडी सुचवले तेव्हा आपण म्हणालात, "ओपानिन, मेंढा मी कोणत्या खर्चाखाली दाखवू?" अर्जदाराने 'देखभाल व दुरुस्ती' हे शीर्षक सुचवले होते. ग्रंथालयात असताना वाळवीच्या औषधापासून प्राचार्यांच्या पाहुण्यांच्या जेवणापर्यंत सगळे त्याखालीच जात असे. मेंढा पांढरा असावा, पण डाग असल्यास अर्जदार वाद घालणार नाही. बाटली जिनची, बंद, आणि तिचे बूच आधी कोणी उघडून पुन्हा बसवलेले नसावे. बाईंचे थोरले भाऊ हे ओळखतात.

९. उशीर का करू नये याचे कारण येथे नमूद करणे आवश्यक आहे. बोसोमेफीतलेच ओपानिन असुमादू हे येत्या शनिवारी, दि. १६ मार्च रोजी, श्रीमती फ्रेमा यांच्या घराचे दार ठोठावणार आहेत. ही बातमी आफ्रियेच्या एका गिऱ्हाइकाने कपड्याचे माप देता देता आणली. असुमादू पूर्वी कोकोच्या गोदामावर वजने करीत. त्यांच्याकडे गाडी आहे, आवाज आहे, आणि शंका नाही. तराजूच्या काट्याखेरीज त्यांनी आयुष्यात काही वाचलेले नाही. (हे शेवटचे वाक्य असूयेपोटी लिहिले गेले असण्याचा संभव आहे; आपण तपासून गाळावे.) बाईंनी त्यांना होकार दिलेला नाही, नकारही दिलेला नाही. गिऱ्हाईक म्हणाले, "बाईंनी सांगितलंय, या, बसा, निदान तुम्हाला बोलता तरी येतं." हे ऐकल्यापासून अर्जदाराचे जेवणात लक्ष नाही आणि पुस्तकातही नाही. दुसरी गोष्ट पूर्वी कधी झाली नव्हती.

आफ्रियेने विचारले, की वोफा, मग तुम्ही आत्ता फोन करून होय का म्हणत नाही? अर्जदाराचे म्हणणे असे, की जे एकदा रीतसर म्हटले ते पुन्हा म्हणणे म्हणजे पहिले खोटे होते असे कबूल करणे. आफ्रिये म्हणाली, "वोफा, तुमचं पहिलं कोणी ऐकलंच नाही, तर ते खरं काय आणि खोटं काय?" अर्जदाराने तिला शिवणाकडे लक्ष द्यायला सांगितले.

१०. म्हणून काल, दि. ११ मार्च रोजी, अर्जदार पुन्हा विभागात आला आणि स्वतःच्या 'होय'चा शोध घ्यावा, अशी विनंती केली. सर्व्हर कोणाकडून कोणाला काय गेले याची नोंद ठेवतो, असे आपण सांगितलेत आणि कॉम्प्युटरचा पडदा अर्जदाराकडे फिरवलात. श्रीमती फ्रेमा यांच्याकडून आलेली पत्रे एकाखाली एक लागलेली होती, दोन वर्षांची, बोट दुखेपर्यंत खाली सरकवावी लागतील इतकी. मग आपण उलट बाजू उघडलीत : अर्जदाराकडून श्रीमती फ्रेमा यांना. पडदा रिकामा होता. आपण एकदा पुन्हा शोधलेत. मग म्हणालात, "तुम्ही त्यांना कधीच काही लिहिलेलं नाही?"

अर्जदार म्हणाला, "पुस्तकं पाठवत होतो."

आपण म्हणालात, "ओपानिन, अडकलेलं पत्र मी शोधतो. चुकीच्या पेटीत पडलेलं काढून आणतो. पुसलेलंही कधी कधी परत येतं. पण न लिहिलेलं पत्र कुठल्या पेटीत शोधू?"

तेव्हा बाहेर आपले शिपाई हसले. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. आपले हे वाक्य मात्र तक्रारीचे निवारण करत नाही, असे अर्जदाराचे मत आहे, आणि म्हणूनच 'लेखी द्या, हरवलेल्या पत्राची प्रत जोडा, नियमाप्रमाणे बघू' या आपल्या सूचनेनुसार हा अर्ज सादर करीत आहे.

११. तरी विनंती की,

अ) दि. १२ फेब्रुवारी रोजी अर्जदाराने 'होय' दाबली होती, ती मनापासून दाबली होती, आणि ती महाविद्यालयाच्या दारात फेकली गेली, असे प्रमाणपत्र विभागाच्या शिक्क्यानिशी द्यावे. 'मनापासून' हे तांत्रिक कारणाने लिहिता येत नसल्यास साक्षीदाराचे निवेदन सोबत आहे.

आ) 'न वाचता टाकून दिले' ही पोच सर्व्हरने मागे घ्यावी आणि तसे श्रीमती फ्रेमा यांना कळवावे. कळवताना कोऱ्या पाकिटातून कळवू नये.

इ) वर परिच्छेद ८ मध्ये वर्णन केलेला मेंढा व बाटली घेऊन आपण, सर्व्हरचे मामा या नात्याने, शुक्रवारपूर्वी बोसोमेफीला जावे. रस्ता वाईट आहे. ट्रोट्रोमध्ये मेंढ्याला वेगळी जागा मिळत नाही. तो मांडीवर घ्यावा लागतो.

ई) पहाऱ्याला, शक्य असल्यास, थोडी समज द्यावी.

यावर त्वरित कार्यवाही झाली तर अर्जदाराच्या उरलेल्या वर्षांचा प्रश्न सुटेल. झाली नाही तर तो कोणाला दोष देणार नाही, कारण दोष देताना आवाज चढवावा लागतो.

आपला विनम्र, आणि वरील सर्व मजकुराबाबत अजूनही थोडा साशंक,

(सही)
क्वाबेना डुमफुओर
निवृत्त ग्रंथपाल

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१. श्रीमती फ्रेमा यांच्या दि. ४ फेब्रुवारीच्या पत्राची छापील प्रत.
२. साक्षीदार आफ्रिये हिचे निवेदन. (माउसच्या पेहरावाबाबतचा मजकूर तिचा स्वतःचा आहे.)
३. अर्जदाराने स्वतःला पाठवलेले पत्र. पोच उपलब्ध नाही.
४. अर्जदाराने श्रीमती फ्रेमा यांना दिलेल्या उत्तराची प्रत : सोबत आहे. (ता.क. पाहावा.)

ता.क., दि. १३ मार्च :

काल अर्ज पूर्ण करताना वरील यादीतील क्रमांक ४ पुढची जागा कोरी राहिली होती. 'हरवलेल्या पत्राची प्रत जोडा' असा आपला नियम आहे आणि अपूर्ण अर्ज स्वीकारत नाहीत, हे अर्जदाराने स्वतः ग्रंथालयाच्या खिडकीवर वर्षानुवर्षे लोकांना सुनावले आहे. त्यामुळे केवळ कागदपत्रे पूर्ण व्हावीत या हेतूने अर्जदार उत्तर लिहायला बसला. अर्जाला जितके कागद लागले त्या मानाने ते फारच लहान झाले. प्रत सोबत आहे, तरी सोयीसाठी मजकूर येथेही देतो :

"मॅडम, तुमच्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने. एक, येतो. शनिवारी सकाळी, बाकीच्यांच्या आधी. माझे मामा आता नाहीत, म्हणून बोलायला आफ्रियेचा दीर येईल. तो मोठ्याने बोलतो. मीही बोलेन, पण हळू, तेव्हा जरा जवळ बसा. दोन, निम्मी पुस्तके महाविद्यालयाला देतो. निम्मी कोणती हे तुम्ही ठरवा, मला जमणार नाही. तीन, तिखट मला सोसत नाही. तरी कमी करू नका. तुमचे पत्र मी वाचले होते. क्वाबेना."

आफ्रियेने हे वाचले. तिने हातातली कात्री खाली ठेवली, ही घटना म्हणून नोंदवतो. मग म्हणाली, "वोफा, समारंभाचं वस्त्र इस्त्री करून ठेवते. या वेळी खरंच लागणार आहे."

या पार्श्वभूमीवर मागणी (अ) व (आ) अर्जदार मागे घेत आहे. मागणी (ई) आपल्या सोयीने पाहावी. मागणी (इ) मधील मेंढा मात्र कायम ठेवावा. अपमान मिटवायला नसला तरी शनिवारी जेवायला लागेल. आपणही यावे. सर्व्हरच्या बाजूने कोणीतरी असलेले बरे.

मूळ पत्र महाविद्यालयाच्या ईमेलवरून पाठवलेले नाही, याबद्दल राग नसावा. आज सकाळी अर्जदार ते घेऊन बाजारातल्या टपाल कार्यालयात गेला. बोसोमेफीची थैली दुपारी निघते, आणि बाई त्यांची टपालपेटी रोज स्वतः उघडतात. खिडकीवरच्या बाईंनी पाकीट हातात घेऊन विचारले, "ओपानिन, पोच लावू का? त्यांनी घेतलं की सही परत येईल तुमच्याकडे."

अर्जदार "ह्म्म" म्हणणार होता. पण मागे रांग होती. तो म्हणाला, "नको," आणि पत्र टाकले.